सिम रेसिंगमधील डाव्या पायाचे ब्रेकिंग

डाव्या पायाचे ब्रेकिंग हे मोटार चालवण्याचे एक तंत्र आहे. यात ब्रेकचे पेडल डाव्या पायाने आणि ॲक्सिलरेटरचे पेडल उजव्या पायाने दाबले जाते. रस्त्यावरील गाड्यांत ही दोन्ही पेडल उजव्या पायाकडे असतात आणि डावा पाय क्लचसाठी राखलेला असतो. सिम रेसिंग म्हणजे संगणकावर किंवा गेम कन्सोलवर स्टिअरिंग व पेडल यांच्या साहाय्याने खेळली जाणारी आभासी मोटारशर्यत. तिच्यातील बहुतेक गाड्या क्लच न दाबता चालवता येत असल्यामुळे ब्रेक कोणत्या पायाने लावावा, ही निवड खेळाडूला स्वतः करावी लागते. ही निवड प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते: गाडीची रचना, पेडलांचा प्रकार आणि चालकाच्या पायाला झालेला सराव.

डाव्या पायाने ब्रेक लावल्यास पाय हलवण्याचा वेळ वाचतो, हा या तंत्राचा सर्वांत परिचित फायदा आहे. प्रत्यक्षात ही बचत अल्प असते. गाडीचा तोल सांभाळण्यासाठी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी हाताशी असणे, हा त्याहून महत्त्वाचा लाभ होय.

पेडलांची मांडणी

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत डावीकडून उजवीकडे क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असा क्रम असतो. स्टिअरिंग उजवीकडे असो वा डावीकडे, हा क्रम बदलत नाही. त्यामुळे भारतात गाडी शिकलेल्या चालकाला युरोपात किंवा अमेरिकेत गिअरचा दांडा दुसऱ्या हाताने हाताळावा लागला, तरी पायांची सवय तीच राहते.

ब्रेकसाठी उजवा पायच नैसर्गिक आहे असे मात्र नाही. रॉयल एनफील्डच्या जुन्या बुलेट मोटारसायकलींत गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. इतर मोटारसायकलींत ही मांडणी नेमकी उलट असते. दोन्ही प्रकारच्या गाड्या लोकांनी वर्षानुवर्षे चालवल्या. कोणता पाय कोणते काम करील, हे वाहनाची रचना आणि सराव यांवर ठरते.

कार्टिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या एकाच गिअरच्या छोट्या गाड्यांना क्लचचे पेडल नसते. तेथे ब्रेक डावीकडे, ॲक्सिलरेटर उजवीकडे आणि दोहोंच्या मध्ये स्टिअरिंगचा दांडा असतो. म्हणून कार्ट चालवणारा चालक पहिल्या दिवसापासून डाव्या पायानेच ब्रेक लावतो.

इतिहास

रॅली

डाव्या पायाने ब्रेक लावण्याचे तंत्र मोटारशर्यतींच्या जगात ठळकपणे पुढे आले ते १९६०च्या दशकातील रॅलींमधून. स्वीडन आणि फिनलंडमधील चालकांनी पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या साब आणि मिनी कूपर या गाड्यांत त्याचा प्रभावी वापर केला. साब गाडीचे एरिक कार्लसन तसेच मिनी कूपरचे राउनो आल्टोनेन आणि टिमो मॅकिनेन ही नावे या संदर्भात घेतली जातात. मॅकिनेन यांनी १९६५ साली आणि आल्टोनेन यांनी १९६७ साली मिनी कूपरमधून माँटे कार्लो रॅली जिंकली.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर स्टिअरिंग फिरवूनही सरळ जाऊ पाहते. या प्रवृत्तीला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबला, तर इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांवरील ब्रेकचा परिणाम बऱ्याच अंशी पुसून टाकते आणि मागच्या चाकांवर मात्र ब्रेक पूर्ण लागतो. मागची चाके मंदावून किंचित घसरतात आणि गाडीचे नाक वळणाच्या आत येते. शिवाय इंजिनाचे फेरे उतरत नाहीत. साबच्या लहान, दोन-स्ट्रोक इंजिनासाठी हे विशेष मोलाचे होते.

१९८०च्या दशकात टर्बोचार्जर असलेल्या गाड्या आल्या. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की टर्बोचा दाब उतरे आणि तो पुन्हा वाढेपर्यंत गाडी रेंगाळे. ब्रेक लावतानाही ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवणे हा त्यावरचा एक उपाय होता. ऑडी क्वाट्रो चालवणारे वाल्टर रोहर्ल यांच्या पायांचे त्या काळातील चित्रीकरण प्रसिद्ध आहे. त्यात दोन्ही पाय तिन्ही पेडलांवर अत्यंत वेगाने फिरताना दिसतात.

फॉर्म्युला वन

डांबरी मार्गावरील शर्यतींत क्लचच्या पेडलामुळे उजव्या पायाचे ब्रेकिंग दीर्घकाळ टिकून राहिले. १९८९ साली फेरारी ६४० या गाडीत स्टिअरिंगच्या मागील पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आली. नायजेल मॅन्सेल यांनी त्या हंगामातील पहिलीच शर्यत, म्हणजे ब्राझील ग्रांप्री, या गाडीतून जिंकली. पुढील काही वर्षांत ही पद्धत सर्व संघांनी स्वीकारली. गाडी चालू असताना क्लच पायाने दाबण्याची गरज उरली नाही, क्लच स्टिअरिंगवर हाताशी आला आणि डावा पाय मोकळा झाला.

तरीही बदल एका रात्रीत झाला नाही. कार्टिंगमधून आलेले मिखाएल शुमाकर डाव्या पायाने ब्रेक लावत, तर रुबेन्स बॅरिकेलो हे कारकिर्दीतील दीर्घ काळ उजव्या पायाने ब्रेक लावणारे चालक म्हणून ओळखले गेले. आज फॉर्म्युला वनच्या गाड्यांत दोनच पेडल असतात आणि डाव्या पायाचे ब्रेकिंग हाच तेथील प्रघात आहे.

आभासी शर्यती

घरगुती संगणकांसाठी मिळणाऱ्या सुरुवातीच्या बहुतेक संचांत दोनच पेडल असत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँड प्रिक्स लेजेंड्स या खेळात १९६७च्या हंगामातील गाड्या होत्या. खऱ्या तीन पेडलांच्या या गाड्या घरोघरी दोन पेडलांवर चालवल्या जाऊ लागल्या. क्लच आणि डावा पाय यांचे नाते सिम रेसिंगमध्ये अशा रीतीने सुरुवातीपासूनच सैल होते. २००६ साली आलेल्या लॉजिटेक जी२५ या संचाने क्लचचे पेडल आणि गिअरचा दांडा सर्वसामान्य खेळाडूच्या आवाक्यात आणला. त्यामुळे जुन्या गाड्या त्यांच्या मूळ पद्धतीने चालवण्याची हौस असलेल्यांची सोय झाली. आयरेसिंग (२००८) आणि असेटो कोर्सा (२०१४) यांसारख्या पुढील खेळांत दोन्ही प्रकारच्या गाड्या आढळतात.

कन्सोलवरील खेळांत हाच प्रश्न बोटांच्या बाबतीत दिसतो. ग्रान टुरिस्मो मालिकेच्या सुरुवातीच्या खेळांत वेग आणि ब्रेक यांच्या कळा एकाच, उजव्या अंगठ्याखाली होत्या. पुढे वेग उजव्या तर्जनीकडे आणि ब्रेक डाव्या तर्जनीकडे गेला. अशा नियंत्रकावर खेळून आलेल्या व्यक्तीला दोन पेडलांसाठी दोन पाय ही विभागणी सहसा परकी वाटत नाही.

उजव्या पायाचे ब्रेकिंग

एच-आकाराच्या गिअरपेटीत वळणापूर्वी खालचा गिअर टाकताना तीन कामे एकाच वेळी करावी लागतात: ब्रेक दाबून ठेवणे, क्लच दाबणे आणि इंजिनाचे फेरे क्षणभर वाढवणे. फेरे वाढवले नाहीत, तर क्लच सोडताच मागच्या चाकांना झटका बसून गाडी घसरू शकते. यासाठी चालक उजव्या पावलाच्या चवड्याने ब्रेक दाबतो आणि त्याच पावलाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का देतो. डावा पाय त्या वेळी क्लचवर असतो. या तंत्राला हील अँड टो म्हणतात. ते ब्रेक उजव्या पायाने लावला, तरच शक्य होते.

या पद्धतीचे आणखी दोन फायदे आहेत. एकच पाय दोन पेडलांवर असल्याने, हील अँड टोचा अपवाद वगळता, दोन्ही पेडल नकळत एकत्र दाबली जात नाहीत. तसेच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या व्यक्तीच्या उजव्या पायाला ब्रेकवरील दाबाचा अंदाज आधीपासून असतो.

खऱ्या शर्यतीच्या गाडीत मोकळा डावा पाय पायटेकूवर रोवून चालक वळणावर शरीर स्थिर ठेवतो. सिम रेसिंगमध्ये खेळाडू जागच्या जागी बसलेला असतो आणि त्याच्या शरीरावर वळणाचा जोर येत नाही. त्यामुळे डाव्या पायाचे हे काम तेथे जवळजवळ नाहीसे होते.

डाव्या पायाचे ब्रेकिंग

वेळेचा हिशोब

ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५.६ मीटर अंतर कापते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाण्यास ०.१ सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटरहून अधिक पुढे जाते. यावरून डाव्या पायाने ब्रेक लावणारा चालक प्रत्येक वळणावर साडेपाच मीटर कमावतो, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो बरोबर नाही.

वळण अनपेक्षितपणे समोर येत नाही. उजव्या पायाने ब्रेक लावणारा चालक त्याच खुणेवर ब्रेक लावतो, फक्त ॲक्सिलरेटर ०.१ सेकंद आधी सोडतो. तेवढ्या अवधीत गाडीचा वेग, शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवला असता त्यापेक्षा, ताशी एक-दोन किलोमीटरनेच कमी असतो. त्यामुळे एका वळणावर होणारे नुकसान सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. जोरदार ब्रेक लावाव्या लागणाऱ्या अनेक वळणांच्या मार्गावर त्याची बेरीज होते, हे खरे. परंतु ब्रेक पाच मीटर लवकर लावणे, अधिक दाबून चाके जाम करणे किंवा फार लवकर सोडणे या चुका त्याहून कितीतरी महाग पडतात.

समोरच्या गाडीला अचानक अपघात झाला, तर मात्र हिशोब बदलतो. तेथे ब्रेकची खूण आधी ठरलेली नसते आणि वाचलेला ०.१ सेकंद खरोखरच साडेपाच मीटर वाचवतो. पाय आधीच ब्रेकच्या पेडलावर असण्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

गाडीचा तोल

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच तो मागे जातो. हे बदल जितके सावकाश होतील, तितकी टायरची पकड टिकते. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाण्याच्या तंत्राला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. त्यात पुढच्या चाकांवरचा भार टिकून राहतो आणि गाडी सहज वळते. डावा पाय ब्रेक सोडत असतानाच उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलका दाब देऊ शकतो. त्यामुळे दोन्ही पेडल सुटलेली असण्याचा मधला क्षण आणि त्या क्षणी गाडीला बसणारा हेलकावा टळतो.

वेगवान वळणांत ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकला केवळ स्पर्श करून वेग थोडा उतरवणे, हा याच तंत्राचा दुसरा उपयोग आहे. अंडाकृती मार्गांवरील शर्यतींत गाड्या एकमेकींच्या मागे अगदी जवळून धावतात. तेथे ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेकने अंतर सांभाळले जाते. उजव्या पायाने हे करता येत नाही.

तोटे

सुरुवातीचा मुख्य अडथळा डाव्या पायाच्या सवयीचा असतो. क्लच दाबणारा पाय पेडल एका दमात तळापर्यंत नेण्यास शिकलेला असतो आणि तीच क्रिया ब्रेकवर झाली की चाके जाम होतात. बहुसंख्य लोकांचा उजवा पाय अधिक सराईत असतो, हेही एक कारण आहे.

दुसरा दोष म्हणजे पाय पेडलावर टेकून राहणे. सरळ मार्गावर ब्रेक किंचित लागलेला राहिला, तर वेग कमी होतो, इंधन अधिक खर्च होते आणि ब्रेक तापतात. ब्रेकचे तापमान, इंधन आणि टायरची झीज यांचा हिशोब ठेवणाऱ्या खेळांत ही चूक लांब पल्ल्याच्या शर्यतीत हळूहळू अंगावर येते. टेलिमेट्रीच्या आलेखात ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या रेषा एकमेकींवर आलेल्या दिसल्या की ती ओळखता येते.

गाडीच्या प्रकारानुसार निवड

फॉर्म्युला वन, फॉर्म्युला २ आणि कार्ट या गाड्यांत डाव्या पायाचे ब्रेकिंगच अपेक्षित असते. जीटी३ प्रकारच्या गाड्यांत गिअर स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी बदलतात आणि क्लचची गरज असलीच तर ती गाडी जागेवरून हलवताना लागते. म्हणून तेथेही डावा पाय मोकळा असतो.

१९६०च्या आणि १९७०च्या दशकांतील शर्यतीच्या गाड्या तसेच एच-आकाराच्या गिअरपेटीच्या सर्वसाधारण गाड्या मूळ पद्धतीने चालवायच्या असतील, तर उजवा पाय आणि हील अँड टो हाच मार्ग आहे. अनेक खेळांत क्लच दाबण्याचे आणि फेरे वाढवण्याचे काम संगणक करू शकतो. ही मदत चालू ठेवल्यास जुन्या गाड्यांतही डाव्या पायाने ब्रेक लावता येतो. काही स्पर्धांच्या नियमांत मात्र अशा मदतींना परवानगी नसते.

रॅलीच्या गाड्यांत सराईत चालक दोन्ही पद्धती मिसळतात. गिअर उतरवताना डावा पाय क्लचकडे जातो, तर वळणात गाडीचे नाक आत आणताना तोच पाय ब्रेकवर येतो.

उपकरणांचा परिणाम

खऱ्या गाडीत वेग कमी होताना शरीर पुढे फेकले जाते आणि त्यावरून ब्रेक किती लागला याचा अंदाज येतो. सिम रेसिंगमध्ये ही जाणीव नसल्यामुळे तिची जागा पेडलाच्या विरोधाला घ्यावी लागते.

स्वस्त संचांतील पेडल पोटेन्शिओमीटरच्या साहाय्याने पाय किती अंतर सरकला हे मोजतात. लोड सेल बसवलेली पेडल पायाचा दाब मोजतात. स्नायूंना अंतरापेक्षा दाब अधिक अचूकपणे लक्षात राहत असल्याने दुसऱ्या प्रकारात ब्रेकिंगमध्ये सातत्य येते. डाव्या पायाची सवय नसलेल्या खेळाडूला हा फरक विशेष जाणवतो, कारण हलक्या पेडलावर क्लच दाबण्याची जुनी क्रिया सहज घडते, तर कडक पेडल तिला अडवते. फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रेकवर शंभर किलोहून अधिक भाराएवढा जोर द्यावा लागतो. एवढा जोर घरगुती खेळासाठी आवश्यक नसतो.

पेडलांची जागाही महत्त्वाची असते. रस्त्यावरील गाडीत ब्रेकचे पेडल उजव्या पायाच्या सोयीने बसवलेले असते आणि डावा पाय तेथे तिरका न्यावा लागतो. खेळाच्या संचात ब्रेकचे पेडल डावीकडे सरकवता आले, तर पाय गुडघ्यापासून सरळ राहतो. टाच जमिनीवर टेकलेली असल्यास दाब बारकाईने कमीजास्त करता येतो. चाकांची खुर्ची ब्रेक दाबताच मागे सरकते. अशा वेळी चाके अडवल्याशिवाय कोणत्याही पायाने ब्रेकिंग नीट जमत नाही.

सराव

पाय बदलताना सुरुवातीला वेळ वाढतो. म्हणून नवा सराव शर्यतीत न करता एका परिचित गाडीवर आणि एका परिचित मार्गावर केला जातो. प्रथम केवळ सरळ मार्गावर, ठरलेल्या खुणेपासून, चाके जाम न होता थांबण्याचा सराव होतो. एबीएस बंद ठेवता येत असल्यास चूक लगेच कळते. त्यानंतर ब्रेक सावकाश सोडत वळणात शिरण्याचा आणि शेवटी दोन्ही पेडलांच्या एकत्र वापराचा टप्पा येतो.

खेळाच्या मांडणीत ब्रेकच्या सुरुवातीला थोडा निष्क्रिय टप्पा ठेवल्यास टेकलेल्या पायाचा दाब मोजला जात नाही. ब्रेकचा कमाल दाब चालकाला वारंवार देता येईल एवढाच ठेवला जातो. प्रगती मोजताना एका फेरीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सलग फेऱ्यांमधील ब्रेकच्या आलेखांचे साम्य अधिक विश्वासार्ह ठरते.

शारीरिक मर्यादा आणि पर्यायी नियंत्रणे

गुडघा किंवा घोटा दुखावलेल्या व्यक्तीसाठी पायाची निवड ही वेगापेक्षा सोयीची बाब असते. सिम रेसिंगमध्ये ब्रेक कोणत्याही पेडलाला, हाताच्या पट्टीला किंवा कळीला जोडता येतो. खऱ्या शर्यतींतही अशी उदाहरणे आहेत. इटलीचे अलेस्सांद्रो झनार्डी यांनी २००१ साली जर्मनीतील लाउझित्सरिंग येथील अपघातात दोन्ही पाय गमावले. त्यानंतर ते खास बदल केलेल्या गाड्यांतून पुन्हा शर्यतींत उतरले.

रस्त्यावरील वापर

सिम रेसिंगमध्ये लागलेली डाव्या पायाची सवय रस्त्यावर धोकादायक ठरू शकते. भारतात अनेक जण क्लच असलेल्या गाडीवर वाहन चालवणे शिकतात. अशा गाडीत डावा पाय ब्रेककडे गेला, तर क्लच दाबायचा राहून गाडी बंद पडते किंवा अचानक थांबून मागून धडक बसण्याचा संभव असतो. उलटपक्षी, स्वयंचलित गिअरच्या गाडीत क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक तळापर्यंत दाबला जाण्याची चूक नवख्या चालकांकडून होते.

स्वयंचलित गाडीतही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच हाताळावेत, असे सामान्यतः शिकवले जाते. डावा पाय ब्रेकवर टेकून राहिला, तर मागचे लाल दिवे सतत लागलेले राहतात आणि मागच्या वाहनाला गाडी खरोखर केव्हा थांबते आहे हे कळत नाही. अनेक आधुनिक गाड्यांत दोन्ही पेडल एकाच वेळी दाबल्यास इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाते. त्यामुळे शर्यतीतील तंत्राचा तेथे फायदाही होत नाही. ज्यांना दोन्ही ठिकाणी गाडी चालवायची असते, त्यांनी खेळातील आणि रस्त्यावरील सवयी वेगळ्या राखणे आवश्यक असते.

हेही पहा

हील अँड टो
ट्रेल ब्रेकिंग
कार्टिंग
फॉर्म्युला वन
रॅली
एबीएस